अण्णांची जपानवारी

यंदा मी आई आणि माझ्यासाठी क्रूझ ठरवली. योकोहामाहून निघायचं, कोबे, नागासाकी आणि कोरियातलं बुसान बघून परत योकोहामाला यायचं. बाबा गेल्यापासून आई पुण्यात एकटीच असते. फोनवर तिने तीनदा नाही म्हटलं. बाबा नसताना, या वयात, बोटीवर मजा करायला गेले तर लोक काय म्हणतील, असा एकूण सूर. शेवटी मीच चिडून फोन ठेवला.

त्या रविवारी लेकीला घेऊन इथल्या यामाशिता पार्कला गेले. तिथे हिकावा मारू नावाची जुनी प्रवासी बोट कायमची नांगरून ठेवली आहे. १९३० साली ती जपान ते सिएटल अशी धावू लागली. तिच्या डेकवर उभी असताना एकदम अण्णा आठवले. अण्णा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. तेही त्याच सुमारास अमेरिका करून जपानला आले होते, आणि तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

खरं तर मला ते आधीच आठवायला हवे होते. मी कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजची, कॉम्प्युटर इंजिनिअर. अण्णांनी १९०० साली हिंगण्याच्या माळरानावर काम सुरू केलं ती झोपडी संस्थेने अजून जपून ठेवली आहे. चार वर्षांत मी तिथे एकदाही नीट थांबले नाही. सतत सबमिशनची घाई!

अण्णांचा जन्म १८५८चा, बालपण कोकणातल्या मुरूडचं. शाळेच्या परीक्षेसाठी हा मुलगा सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेला, पण वयाने लहान दिसतो म्हणून त्याला बसूच दिलं नाही. तो परत आला आणि पुढे कोल्हापूरला जाऊन पास झाला. गणित घेऊन पदवी मिळवली, १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. गावाने अण्णांना वाळीत टाकलं. त्यांनी गावाशी भांडण मांडलं नाही, पण १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. आश्रम हिंगण्याला गेल्यावर तिथून पुण्यात कॉलेजला रोजची पायपीट चालू झाली.

जपानचा संबंध पुढे येतो. टोकियोत जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं होतं. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने अण्णांकडे आली. आपल्याकडे हे कुठलं जमायला, असं वाटून त्यांनी ती बाजूला ठेवली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा भाषणाच्या तयारीत ती पुन्हा उघडली, आणि पुढच्याच वर्षी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. विद्यार्थिनी अगदी मोजक्या, शिकवणं मातृभाषेतून. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले. तेच आजचं एसएनडीटी.

मुलींचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा वेगळा असावा, घरसंसाराला उपयोगी पडावा, हे अण्णांचं मत मला पटत नाही. तसंच चाललं असतं तर मी कोडिंग करत नसते. पण त्यांनी उघडलेलं दार पुढे इतकं मोठं झालं की त्यांच्याच संस्थेत मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं.

मार्च १९२९ मध्ये अण्णा परदेशी निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, मग अमेरिका. जातील तिथे व्याख्यानं द्यायची, विद्यापीठासाठी मदत मागायची. शेवटी जपानला येऊन ज्याची पुस्तिका वाचली होती ते विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. नारुसे मात्र १९१९ मध्येच गेले होते. एप्रिल १९३० मध्ये अण्णा घरी परतले आणि डिसेंबरात पुन्हा बोटीत बसले, या वेळी आफ्रिकेसाठी. मोंबासा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका करत ते १९३२ मध्येच परतले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये ते गेले.

पुढच्या शनिवारी मी मेजिरो स्टेशनवर उतरून त्या विद्यापीठापर्यंत चालत गेले. जपानात सात वर्षं झाली, पण ते घरापासून तासाभरावर आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. फाटकातून मुली बाहेर पडत होत्या, कुणाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग, कुणाच्या हातात कॉफी. मी फोटो काढला आणि आईला पाठवला.

रात्री तिला फोन केला. या वेळी क्रूझचा विषय काढलाच नाही. अण्णा कुठल्या वयात कुठे कुठे गेले तेवढं सांगितलं, आणि गोदूबाईंबद्दलही. ती बराच वेळ गप्प होती. मग बोटीवर शाकाहारी जेवण मिळतं का आणि तिथे थंडी किती असते, एवढंच विचारलं.

पासपोर्ट रिन्यू करायला दिला आहे.