हवेचे वजन पाहणारा पास्कल

अहिल्यानगरातील, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरातील, वाहन संशोधन व विकास संस्था येथील मुलांस नावाने तरी ठाऊक आहेच. या संस्थेने बंगळूरच्या दोन सरकारी संस्थांबरोबर मिळून ५५ अश्वशक्तीचे एक रोटरी एंजिन सिद्ध केले, आणि ते बसविलेले ‘निशांत’ नावाचे वैमानिकरहित विमान २९ मार्च २००९ रोजी कोलारजवळ उडाले. अशा एंजिनात दट्ट्या मागेपुढे होत नाही. त्रिकोणी रोटर एका पोकळीत फिरतो आणि फिरता फिरता हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढून घेतो. हे मिश्रण ज्या नळीतून शिरते तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्यातील दाबावरून एंजिनावर किती भार आहे हे ओळखता येते, आणि वैमानिकांच्या जुन्या परिपाठाप्रमाणे हा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात. विमानाच्या एंजिनात पाऱ्याचे काय काम, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडते त्या ब्लेझ पास्कलचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो.

पास्कलचा जन्म फ्रान्स देशातील क्लेर्माँ या गावी १९ जून १६२३ रोजी झाला. तो तीन वर्षांचा असताना त्याची आई निवर्तली. वडील एत्येन हे सरकारी अधिकारी असून स्वतः चांगले गणिती होते. त्यांनी मुलास घरीच शिकविले. परंतु लॅटिन व ग्रीक पक्क्या होईपर्यंत त्याचे मन दुसरीकडे जाऊ नये म्हणून गणिताची पुस्तके त्यांनी बंद करून ठेविली. थोरली बहीण झिल्बेर्त हिने लिहून ठेविले आहे की, बाराव्या वर्षी हा मुलगा जमिनीवर कोळशाने आकृत्या काढीत बसला असता वडील मागून आले, आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते हे तो आपल्या बुद्धीने शोधीत असल्याचे त्यांस दिसले. मग पुस्तके मोकळी झाली. (आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट वाचून संस्कृतचा अभ्यास टाकू नये, पास्कलने लॅटिन टाकली नव्हती.)

पुढे वडिलांची नेमणूक रूआँ येथे करवसुलीच्या कामावर झाली. रात्री उशिरापर्यंत चालणारी त्यांची बेरीज-वजाबाकी पाहून पास्कलने १६४२ साली आकडेमोडीचे यंत्र करावयास घेतले. मनासारखे यंत्र साधेपर्यंत त्याने सुमारे पन्नास नमुने केले. प्रकृती तेव्हापासून जी ढासळली ती कधी सुधारली नाही.

इकडे इटलीत टॉरिसेली याने १६४४ साली एक विलक्षण प्रयोग कळविला होता. एका टोकास बंद असलेली लांब काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उपडी केली, तर पारा थोडा उतरून सुमारे तीस इंचांवर थांबतो आणि वर रिकामी जागा राहते. निसर्गास पोकळी खपत नाही असे विद्वान शतकानुशतके शिकवीत आले होते. टॉरिसेलीचे म्हणणे असे की, बाहेरच्या हवेचे वजन भांड्यातील पाऱ्यावर पडते, तेच नळीतल्या पाऱ्यास तोलून धरते. पास्कलने रूआँ येथे ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या जहाजाच्या डोलकाठीस बांधून, एकीत पाणी व दुसरीत तांबडा द्राक्षारस भरून लोकांसमक्ष प्रयोग केले. वरची जागा वाफेने भरलेली असते असे म्हणणाऱ्यांच्या मते द्राक्षारस अधिक खाली यावयास हवा होता. तो पाण्याहून हलका, म्हणून उलट उंच राहिला.

तरीही वाद मिटला नाही. तेव्हा पास्कलने विचार केला की, पारा हवेच्या वजनाने उभा राहत असेल तर डोंगरावर, जेथे डोक्यावरची हवा थोडी, तेथे तो खाली आला पाहिजे. क्लेर्माँजवळ पुई द दोम नावाचा १,४६५ मीटर उंचीचा डोंगर आहे. (आपल्या अकोले तालुक्यातील कळसूबाई १,६४६ मीटर आहे.) पास्कल स्वतः आजारी व पॅरिसात; म्हणून त्याने झिल्बेर्तचा पती फ्लोराँ पेरिए यास १५ नोव्हेंबर १६४७ रोजी पत्र लिहिले. प्रयोगास दहा महिने लागले. १९ सप्टेंबर १६४८ च्या पहाटे हवा बेभरवशाची होती, पण पाचाच्या सुमारास शिखर दिसू लागले. आठ वाजता काही धर्मगुरू, एक वैद्य व इतर प्रतिष्ठित मंडळी गावाच्या सखल भागातील मठाच्या बागेत जमली. दोन सारख्या नळ्या भरल्या. दोहोंत पारा २६ इंच साडेतीन रेषा. (फ्रेंच इंच आपल्या इंचाहून किंचित मोठा, व रेषा म्हणजे त्याचा बारावा भाग.) एक नळी बागेतच ठेवून एका साधूस दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. दुसरी वर नेली. माथ्यावर पारा २३ इंच २ रेषा! पेरिएने मंदिरात, उघड्यावर, आडोशास, वाऱ्यात व धुक्यात मिळून पाच वेळा मोजले; फरक पडेना. खाली येऊन विचारले तर साधूची नळी दिवसभर जागची हलली नव्हती.

ही कल्पना आपणच पास्कलला सुचविली असे देकार्त म्हणत असे. तो निवाडा करण्याचे आमचे धाडस नाही. पण आमच्या मते या प्रयोगातील सर्वांत मोलाची वस्तू बागेत राहिलेली ती दुसरी नळी होय. ती नसती तर हवामान पालटल्यामुळे पारा उतरला, असे कोणीही म्हटले असते.

एंजिनाच्या बाबतीतही हेच आहे. एंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणून काटा बाहेरचा वायुभार दाखवितो: समुद्रकाठी सुमारे ३० इंच, २,१०० फुटांवरील आपल्या नगरात सुमारे २८, कळसूबाईवर साडेचोवीस. तसा न दाखविणाऱ्या काट्यावर कारागीर विश्वास ठेवीत नाही. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटून एंजिन मंद चालविले की रोटर हवा ओढतो, पण झडप ती येऊ देत नाही, आणि नळीतला दाब पुष्कळ उतरतो. झडप पूर्ण उघडली की तो बाहेरच्या दाबाजवळ चढतो. हवा आत कोंबणारे वेगळे यंत्र जोडल्यावाचून त्याच्या वर जात नाही. रोटर झोक्याझोक्याने हवा घेतो, तेणेकरून काटा थरथरू नये म्हणून मापकाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड अगदी बारीक ठेवितात. आता काटा २४ इंचांवर आहे असे समजा. नगरात त्याचा अर्थ, झडप अजून उघडावयाची राहिली आहे. कळसूबाईच्या उंचीवर त्याचा अर्थ, एंजिन देण्याजोगे होते ते सर्व देऊन चुकले. बाहेरचा दाब ठाऊक नसेल तर नुसत्या काट्यावरून यातले काही कळावयाचे नाही.

१६५१ साली वडील वारले. धाकटी बहीण झाकलीन मठात जाऊ लागली तेव्हा पास्कलने तिला अडविले, तिच्या वाट्याच्या पैशावरूनही कटुता आली. शेवटी त्याने पैसे दिले. हा भाग त्याच्या लौकिकास शोभणारा नाही. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री मात्र त्यास देवाच्या सान्निध्याचा असा अनुभव आला की, त्याची नोंद त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून आमरण जवळ बाळगली. यानंतर तो शास्त्रास मुकला अशी हळहळ पुष्कळांनी केली आहे. आम्हांस ती पटत नाही, कारण १६५८ सालीही तो दातदुखीच्या रात्री भूमितीचे कूट प्रश्न सोडवीत होता. आणि १६६२ च्या मार्चात पॅरिसात ठरल्या रस्त्याने ठराविक भाड्यात धावणाऱ्या गाड्या त्याच्याच योजनेने सुरू झाल्या.

त्याच वर्षी त्याने घरात आसरा दिलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलास देवी आल्या. त्यांस बाहेर काढण्याऐवजी तो आजारी माणूस स्वतःच घर सोडून झिल्बेर्तकडे राहावयास गेला. तेथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. हवेच्या वजनावरील त्याचा ग्रंथ पुढल्या वर्षी छापून निघाला. आणि १९७१ पासून दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककास पास्कल हे नाव आहे.