ओसरीवरच्या पोरांचा पुढारी

बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलीही संस्था समोर आली की तिचे ध्येयधोरण वाचण्याआधी तो तिचे पासबुक मागतो. म्हणूनच क्वामे एन्क्रुमा यांच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग माझ्या मनात घर करून राहिला आहे.

साल १९४८. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, इंग्रजांचे राज्य होते. स्वराज्य मागणारी एक संस्था तिथल्या वकील-व्यापारी मंडळींनी आदल्याच वर्षी काढली होती. तिचे पगारी चिटणीस म्हणून एन्क्रुमा रुजू झाले आणि त्यांनी दप्तर उघडले. संस्थेच्या तेरा शाखा आहेत, असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात दोन-चार निघाल्या, त्याही झोपलेल्या. वर्गणी जमा नव्हती. बँकेत खातेसुद्धा उघडलेले नव्हते! महिना १०० पौंड पगाराचे बोलणे झाले होते, ते २५ पौंडांवर आले. एन्क्रुमांनी तेही मान्य केले, पिशवी उचलली आणि मोडकळीला आलेल्या जुन्या मोटारीतून ते गावोगाव निघाले. मोटार वाटेत बंद पडली की चालत जायचे, प्रसंगी रस्त्याकडेलाच झोपायचे. सहा महिन्यांत पाचशे शाखा उभ्या राहिल्या, असा हिशेब त्यांनी लिहून ठेवला आहे.

या माणसाला रस्त्याकडेला झोपण्याचे काही वाटत नव्हते, कारण ती सवय जुनी होती. १९०९ साली न्क्रोफुल नावाच्या खेड्यात जन्मलेला हा आईचा एकुलता एक मुलगा. आधी शाळामास्तर झाला, मग १९३५ मध्ये शिकायला अमेरिकेत गेला. दहा वर्षे तिथे काढली. भांडी घासली, साबणाच्या कारखान्यात राबला, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मासळी विकली. खोलीचे भाडे नसेल त्या रात्री भुयारी रेल्वेचे एक तिकीट काढायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत झोपेच्या डुलक्या घेत पहाट करायची.

पण याच काळात त्यांनी आणखी एक विद्या मिळवली. अमेरिका-कॅनडात विखुरलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. १९४५ साली लंडनला आल्यावर पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघात शिरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला पाचवी अखिल आफ्रिकी परिषद भरली, तिच्या जुळवाजुळवीत जॉर्ज पॅडमोर यांच्याबरोबर तेही होते. नायजेरियाचा, सिएरा लिओनचा, गोल्ड कोस्टचा, प्रत्येक तरुण आपापले गाऱ्हाणे घेऊन यायचा. ही सगळी गाऱ्हाणी एकाच अर्जावर लिहिता येतील, हे एन्क्रुमांना तिथे उमगले.

मायदेशी परतले तेव्हा तिथेही तरुणांची मंडळे होतीच. अक्रा शहरात तरुणांचे अभ्यासमंडळ होते, अशांती प्रांताचा युवक संघ वेगळा आणि सेकोंडी या रेल्वेच्या गावातला वेगळा. कुणी वाचनाचे वर्ग चालवी, कुणी वादसभा भरवी. आपल्याकडच्या तालीम, वाचनालय आणि मित्रमंडळांसारखेच हे चित्र होते. उत्साह दांडगा, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

या तरुणांत बहुतेक जण सातवीपर्यंत शिकलेले होते. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या ‘फायनल पास’ मंडळींची इथे आठवण व्हावी. शेतात मन रमत नाही, आणि कचेरीत जागा नाही! ही पोरे कामाच्या शोधात शहरात येत आणि रात्री कुणाच्या तरी ओसरीवर अंग टाकत. म्हणून प्रतिष्ठित मंडळींनी त्यांना ओसरीवरची पोरे असे हिणवायला सुरुवात केली. एन्क्रुमांनी ती शिवी बिरुदासारखी उचलली. भुयारी रेल्वेत रात्री काढलेल्या माणसाला ही पोरे परकी वाटली नाहीत.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी महायुद्धातून परतलेले सैनिक आपल्या मागण्या घेऊन गव्हर्नरच्या वाड्याकडे निघाले. पोलिसांनी गोळीबार केला, तीन माजी सैनिक ठार झाले आणि अक्रा पेटले. एन्क्रुमांसह सहा पुढारी पकडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी केप कोस्टच्या विद्यार्थ्यांनी संप केला, तेव्हा त्यांना शाळांतून काढून टाकण्यात आले. सुटून आल्यावर एन्क्रुमांनी पहिले काम केले ते या मुलांसाठी शाळा काढण्याचे. त्यासाठी आपल्या तुटपुंज्या पगारातलेही पैसे घातले. घाना नॅशनल कॉलेज हे तिचे नाव.

ज्येष्ठांना हे रुचले नाही. चिटणिसाने परस्पर शाळा काढावी, वर्तमानपत्र सुरू करावे, हे कार्यकारिणीच्या शिस्तीत बसणारे नव्हते. एन्क्रुमांनी मात्र कोम्ला बेडेमा आणि कोजो बोत्सियो या साथीदारांना घेऊन विखुरलेली मंडळे एका युवक समितीत गुंफली. कुठल्याही मंडळाला आपली पाटी उतरवायला सांगितले नाही. सेकोंडीवाले रेल्वे कामगारांचे प्रश्न घेऊन आले, अशांतीवाले कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे. सगळ्यांची मागणी मात्र एकच ठरली: स्वराज्य हवे आणि ते आताच. ज्येष्ठांचा शब्द होता, शक्य तितक्या लवकर. या दोन शब्दप्रयोगांतल्या अंतरात संस्था फुटली. १२ जून १९४९ रोजी अक्राच्या मैदानावर, अफाट गर्दीसमोर, एन्क्रुमांनी आपला नवा पक्ष जाहीर केला.

पुढची वाट त्यांनी गांधीजींच्या लढ्याचा अभ्यास करून आखली होती. ८ जानेवारी १९५० पासून संप, बहिष्कार, असहकार सुरू झाला. सरकारने आणीबाणी पुकारली आणि एन्क्रुमांना तुरुंगात टाकले. बाहेर बेडेमांनी पक्षाची धुरा सांभाळली. आतून सूचना यायच्या त्या शौचाच्या कागदावर, रस्त्यावरच्या दिव्याच्या कवडशात लिहिलेल्या. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत, लोकांच्या मतांवर ठरणाऱ्या ३८ जागांपैकी ३४ या पक्षाला मिळाल्या. खुद्द एन्क्रुमांना अक्रामध्ये २३,१२२ पैकी २२,७८० मते पडली. गव्हर्नरने कैद्याला सोडले आणि सरकार बनवायला बोलावले. ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्टचा घाना झाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या वसाहतींत युरोपी सत्ता झुगारणारा तो पहिला देश. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५८ मध्ये, त्यांनी साऱ्या आफ्रिकेतल्या चळवळींना अक्राला बोलावले. काँगोचे तरुण पॅट्रिस लुमुम्बा त्या परिषदेतून भारावून परतले.

चरित्र इथे संपवले असते तर रविवारची सकाळ प्रसन्न गेली असती. पण खातेवही जमेच्या बाजूवर मिटता येत नाही.

त्याच १९५८ सालात घानात खटल्याविना पाच वर्षे कैदेत ठेवण्याचा कायदा झाला. १९६० मध्ये शाळकरी मुलांसाठी सरकारी युवक दल निघाले. एकच गणवेश, एकच संचलन आणि एकाच माणसाचा जयघोष. त्यावर टीका करणाऱ्या बिशपना देशाबाहेर काढण्यात आले. ज्याने वेगवेगळ्या पाट्यांची मंडळे एकत्र आणली होती, त्याला आता एकच पाटी हवी होती.

१९६१ च्या अंदाजपत्रकात सक्तीच्या बचतीची योजना आली. वर्षाला १२० पौंडांवर कमाई असेल, त्याच्या पगारातून पाच टक्के कापायचे. बचतीचे महत्त्व मी आयुष्यभर काउंटरपलीकडच्या माणसांना समजावले. पण न विचारता कापलेल्या पैशाला कष्टकरी बचत म्हणत नाही, हेही तिथेच शिकलो. सेप्टेंबरमध्ये संप झाला तो नेमका सेकोंडी-टाकोराडीच्या रेल्वे कामगारांचा. १९५० मध्ये एन्क्रुमांच्या हाकेला धावलेले हेच गाव! संप मोडला, पुढारी अटकेत गेले. त्याच वर्षी बेडेमा देश सोडून निघून गेले. जुन्या संस्थेचे धुरीण, एन्क्रुमांना चिटणीस म्हणून बोलावणाऱ्यांपैकी एक असलेले जे. बी. डँक्वा, १९६५ साली एन्क्रुमांच्याच तुरुंगात वारले.

शाळा, रस्ते, व्होल्टा नदीवरचे प्रचंड धरण, ही त्यांची कामे खोटी नव्हती. कोकोचे भाव कोसळले, हा दोषही सर्वस्वी त्यांचा नव्हता. पण बिनसते आहे, हे सांगणारे कुणी त्यांनी जवळ ठेवले नव्हते. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी ते परदेशी दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली. अक्रामधला त्यांचा पुतळा जमावाने पाडला. नाचणाऱ्या गर्दीत त्यांच्याच युवक दलातली मुलेही होती. उरलेली वर्षे त्यांनी गिनीमध्ये आश्रयाला काढली आणि २७ एप्रिल १९७२ रोजी बुखारेस्टच्या रुग्णालयात कर्करोगाने त्यांचा अंत झाला. काही आठवड्यांनी देह मायदेशी आला आणि न्क्रोफुलला, जन्मगावी, विसावला.

लोकांनी पुढे त्यांना परत आपले म्हटले. अक्रामध्ये, स्वातंत्र्य घोषित झालेल्या मैदानावरच, १९९२ साली त्यांचे स्मारक झाले. तिथे त्यांचा नवा पुतळा दिमाखात उभा आहे. पण त्या लोकांनी जुना, मस्तक तुटलेला पुतळाही टाकून दिला नाही. तोही आवारात ठेवला आहे, आणि पुढे सापडलेले मस्तक त्याच्या शेजारी. शाळेच्या सहली येतात, मुले दोन्ही पुतळे पाहतात. जमा आणि नावे, दोन्ही रकाने पोरांसमोर उघडे ठेवणारी ही खातेवही मला फार प्रामाणिक वाटते.