पदवी नसलेला संशोधक आणि जीवाणूंचा शत्रू

१९१५ साली पहिले महायुद्ध ऐन भरात असताना पॅरिसजवळ मुक्कामाला असलेल्या फ्रेंच घोडदळात रक्ती हगवणीची साथ पसरली. पाश्चर संस्थेने तपासासाठी फेलिक्स डेरेल यांना पाठवले. त्यांचे वय तेव्हा बेचाळीस होते. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र ते बहुतांशी स्वतःच शिकले होते. ग्वाटेमालातील रुग्णालयात आणि मेक्सिकोत त्यांनी काम केले होते. तेथे टोळांना होणाऱ्या एका जीवाणूजन्य रोगाचा अभ्यास केल्यामुळे त्यांचे नाव झाले होते.

रुग्णांचे शौच त्यांनी जीवाणू अडवणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले आणि तो द्रव हगवणीच्या जीवाणूंच्या वाढीत मिसळला. काही नळ्यांतील गढूळ द्रव नितळ झाला, म्हणजे त्यातले जीवाणू विरघळून गेले होते. एका रुग्णाच्या शौचाची तपासणी ते रोज करत होते. ज्या वेळी नळीतील जीवाणू नष्ट झाले, त्याच सुमारास रुग्णालाही उतार पडू लागला. जीवाणूंना खाऊन वाढणारा, साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा सजीव यामागे असणार, असा निष्कर्ष काढून १९१७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि या सजीवाला ‘बॅक्टेरियोफाज’ असे नाव दिले. ब्रिटनच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी अशीच घटना १९१५ मध्ये नोंदवली होती. श्रेय कोणाचे, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

फाज हा जीवाणूंवर जगणारा विषाणू. तो ठरावीक जीवाणूलाच चिकटतो, आपले जनुकीय द्रव्य आत सोडतो आणि त्या पेशीलाच स्वतःच्या प्रती तयार करायला लावतो. शेवटी पेशी फुटते, नवे फाज बाहेर पडतात आणि पुढच्या जीवाणूंकडे वळतात.

१९१९ मध्ये पॅरिसच्या बालरुग्णालयात तीव्र हगवणीने आजारी असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला हे औषध देण्याचे ठरले. त्याआधी डेरेल आणि तेथील डॉक्टरांनी ते स्वतः पिऊन पाहिले. मुलगा बरा झाला. १९२५ मध्ये त्यांनी अलेक्झांड्रियात प्लेगच्या चार रुग्णांवर उपचार केले आणि तेही बरे झाले. या बातमीने ब्रिटिश सरकारचे लक्ष वेधले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्लेगवरील कामासाठी त्यांना बोलावणे आले. पुढे १९२७ मध्ये पंजाबात त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना फाज दिले आणि गावच्या विहिरींतही सोडले.

मात्र यशाच्या वेगाने पुरावा जमला नाही. उपचार न दिलेल्या रुग्णांशी काटेकोर तुलना करणाऱ्या चाचण्या फार थोड्या झाल्या. बाजारात आलेल्या अनेक बाटल्यांत जिवंत फाज उरलेच नव्हते किंवा ते त्या रोगाच्या जीवाणूवर चालणारे नव्हते. १९३४ मध्ये अमेरिकेत झालेल्या आढाव्यात या उपचारांवर कडक टीका झाली. याच काळात डेरेल जॉर्जियातील तिबिलिसी येथे आपले मित्र जॉर्ज एलियावा यांच्यासोबत फाज संस्था उभी करत होते. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने एलियावांना गोळ्या घालून ठार केले. डेरेल पुन्हा तिकडे गेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना विशीत नजरकैदेत राहावे लागले. नोबेलसाठी अनेकदा नाव सुचवले जाऊनही तो मान मिळाला नाही. १९४९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर पेनिसिलिन आले होते आणि फाजची आठवण मुख्यतः पूर्व युरोपात उरली होती.

आज ती पुन्हा जागी झाली आहे, कारण प्रतिजैविके निष्प्रभ होत आहेत. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसातील स्राव घट्ट व चिकट होतो. त्यात स्यूडोमोनास जीवाणू ठाण मांडतात. वर्षानुवर्षे औषधे घेऊनही ते निघत नाहीत आणि हळूहळू औषधांना दाद देईनासे होतात. लंडनमध्ये हा आजार असलेल्या एका किशोरवयीन मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर क्षयाच्या जंतूंच्या कुळातल्या एका चिवट जीवाणूचा संसर्ग झाला. तिला तीन फाजांचे मिश्रण देण्यात आले. त्यांपैकी एक दक्षिण आफ्रिकेत कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. संसर्ग पूर्ण गेला नाही, पण तिच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाली. २०१९ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला. डेरेल यांनी काही वर्षे अध्यापन केलेल्या येल विद्यापीठात अलीकडे या आजाराच्या नऊ प्रौढांना वाफाऱ्यासारखे, श्वासावाटे फाज देण्यात आले. त्यांच्या थुंकीतील स्यूडोमोनास कमी झाले.

नऊ रुग्ण म्हणजे सिद्ध उपचार नव्हे. प्रत्येक रुग्णाच्या जीवाणूसाठी योग्य फाज शोधावा लागतो, तो शुद्ध करावा लागतो आणि त्याला प्रतिकार निर्माण होतो का, यावर लक्ष ठेवावे लागते. म्हणून डेरेल यांच्या काळात अपुरे राहिलेले तुलनात्मक चाचण्यांचे काम आता करावे लागत आहे. तोवर फाज उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, प्रायोगिक पातळीवरच राहतील. हाताशी असलेली प्रतिजैविके मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय न घेणे आणि सांगितलेल्या मात्रेत, सांगितले तितके दिवस घेणे एवढे प्रत्येकाला आजही करता येते.