उजव्या डोळ्याला निशाण दिसेना

१८७० साल. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता आणि शहर राखायला साध्या माणसांनीही बंदुका उचलल्या होत्या. त्यांच्यात छत्तीस वर्षांचा एक चित्रकार होता, एदगार देगा. नेम धरायला त्याने डावा डोळा मिटला, तर उजव्याला समोरचं निशाणच दिसेना!

इतके दिवस कळलं कसं नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुबळ्याचं झाकून नेतो, थोरली बहीण धाकटीच्या चुका झाकते तसा. शिवाय डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बिघडला तरी सहसा दुखत नाही. त्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची एवढीशी जागा असते. सुई ओवणं, तांदूळ निवडणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं तिच्या जिवावर. देगाचा बिघाड तिथेच असावा, असं आजचे नेत्रतज्ज्ञ मानतात. कडेचं दिसे, मधलं पुसट. उजेड सोसवत नसे, म्हणून रंगीत काचांचा चष्मा.

१८७२ साली तो अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला आजोळी गेला. तिथे एस्तेल होती, त्याची मामेबहीण आणि भावजयही. तिची नजर जवळजवळ गेलेली. फुलदाणीत फुलं लावणाऱ्या एस्तेलचं त्याने चित्र काढलं. पुढे १८७८ मध्ये नवरा तिला आणि मुलांना टाकून शेजारणीबरोबर निघून गेला. त्या नवरोबांबद्दल न लिहिलेलंच बरं.

डोळ्यात डोकावायचं यंत्र १८५१ पासून होतं. म्हणजे डॉक्टरांना पडदा दिसे, पण त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. आज डोळा बधिर करून आत इंजेक्शन देतात, मधुमेहाने खराब झालेल्या पडद्याला लेसर करतात, सुटलेला पडदा ऑपरेशनने बसवतात. गेलेली नजर सगळी परत येतेच असं नाही, राहिलेली पुष्कळदा वाचते. म्हणून मैत्रिणींनो, एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघा. ती वाकडी दिसली, मध्ये डाग दिसला, तर लगेच डॉक्टर गाठा. अचानक काजवे चमकले किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी. आणि मधुमेह असेल तर काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्यायचाच. ‘मला तर छान दिसतंय’ हे कारण चालणार नाही!

देगाने मात्र काम थांबवलं नाही. नर्तकी, इस्त्री करणाऱ्या बायका, आंघोळ करणाऱ्या बायका तो काढतच राहिला. बारीक रेघ जमेना तशी पेस्टलची जाड, भडक रेघ आली. मेण आणि माती तो बोटांनी चाचपून घडवी. १९१२ मध्ये जुनं घर सोडावं लागलं आणि काम सुटलं. १९१७ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या स्टुडिओत मेणामातीच्या सुमारे दीडशे मूर्ती निघाल्या, कित्येक मोडलेल्या. त्यातल्या सत्तरएक पुढे ब्राँझमध्ये ओतल्या गेल्या.