फिनिअस गेज : अपघातानंतरची साडेअकरा वर्षे

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालले होते. फिनिअस गेज हा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाच्या भोकात दारू ठासत असताना अचानक स्फोट झाला. साडेतीन फूट लांब आणि सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली आणि मेंदूचा पुढचा भाग फाडत टाळूतून बाहेर पडली.

गेज काही मिनिटांतच बोलू लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला. डॉ. जॉन हार्लो यांनी उपचार सुरू केले. पुढे जखमेत पू झाला, ग्लानी आली, वाचण्याची आशा उरली नाही. हार्लो यांनी पू काढून दिला आणि तो वाचला. डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र गेली. सुमारे दहा आठवड्यांनी तो न्यू हॅम्पशायरमधील आईवडिलांच्या घरी परतला.

चालणे, बोलणे, स्मरणशक्ती ठीक होती. स्वभाव मात्र पालटला होता. पूर्वीचा शांत, कामात वाकबगार मुकादम आता चिडखोर झाला. तोंडात शिव्या, मनात रोज नवा बेत आणि तोही अर्धवट सोडलेला. कंपनीने त्याला मुकादमाचे काम पुन्हा दिले नाही. मेंदूचा पुढचा भाग राग आवरणे, नियोजन करणे, प्रसंगाचे भान ठेवणे ही कामे सांभाळतो, हे समजण्यास गेजची हकीकत पुढे फार उपयोगी पडली.

पाठ्यपुस्तकांतील गोष्ट बहुधा इथेच संपते. गेजचे आयुष्य मात्र पुढे साडेअकरा वर्षांपर्यंत चालले. काही काळ तो न्यूयॉर्कमध्ये लोकांना आपली पहार दाखवत असे. मग त्याने हॅनोव्हर गावात भाड्याच्या घोड्यांच्या तबेल्यात नोकरी धरली आणि १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला. तिथे अनेक वर्षे तो घोड्यांची निगा राखत असे आणि सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत असे. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, जनावरांची रोजची देखभाल आणि परक्या भाषेतील प्रवासी. राग आणि लहर ताब्यात नसलेल्या माणसाला हे काम इतकी वर्षे जमले नसते. रोजच्या ठरलेल्या कामानेच त्याला सावरले असावे, असे त्याच्या आयुष्याचा अभ्यास करणारे काही संशोधक मानतात.

१८५९ मध्ये प्रकृती ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आई आणि बहिणीकडे आला. थोडे बरे वाटताच शेतावर कामाला लागला. फेब्रुवारी १८६० मध्ये त्याला फिट येऊ लागल्या आणि २१ मे रोजी तो गेला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

पुढे हार्लो यांनी त्याच्या आईचा शोध घेतला. मुलगा भाचरांना चमत्कारिक गोष्टी रचून सांगे, मुलांवर आणि घोड्या-कुत्र्यांवर त्याचा फार जीव होता, हे आईनेच कळवले. तिच्या संमतीने काढलेली कवटी आज ती पहार जपणाऱ्या हार्वर्डच्या संग्रहालयात आहे.

त्या आईला आपल्यासारखे दुसरे घर माहीत असण्याचा संभव नव्हता. ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ती कवटी आहे, तिथेच १९८० मध्ये मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या आईवडिलांनी पुढाकार घेऊन रुग्ण व कुटुंबांची राष्ट्रीय संघटना उभी केली. अशा आधारगटांत औषधे मिळत नाहीत. हातपाय धड असूनही माणूस असा का वागतो, याचे उत्तर मात्र तेच सोसलेल्यांकडून मिळते. हा हट्ट नाही, इजेचा परिणाम आहे, हे कळले की घरातले भांडण कमी होते. दिवसाचे वेळापत्रक ठरवावे, एका वेळी एकच काम द्यावे, बेत तडीस नेताना सोबत राहावे आणि सांभाळणाऱ्यानेही अधूनमधून विश्रांती घ्यावी. डोक्याच्या जबर दुखापतीनंतर काही वर्षांनीही फिट येऊ शकते. तशी आल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे.

रुग्णालयातून घरी सोडले, की उपचार संपले असे अनेक घरांना वाटते. गेजच्या बाबतीत खरी सुधारणा घरी परतल्यानंतरच्या वर्षांत झाली.