सरकारलाही हद्द घालून देणारे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व बाबासाहेबांचा १४ एप्रिल १८९१ ला महूला झालेला जन्म, पुढचे अमेरिका-लंडनचे शिक्षण, हे आता वस्तीतल्या पोट्ट्यांनाही पाठ आहे. म्हणून आम्ही त्यांच्या जीवनातला एकच धागा धरतो. हुकूम काढणाऱ्याला हुकूम काढायचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे. १९२४ मध्ये पालिकेने ठराव करून ते सर्वांना खुले केले, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तिथले पाणी घेतले. तर ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावच मागे घेतला! दिलेला हक्क एका बैठकीत गेला. डिसेंबरात लोक पुन्हा जमले, तेव्हा सनातनी मंडळींनी आधीच कोर्टातून मनाईहुकूम आणून ठेवलेला. स्टे आला की अंगाचा कसा संताप होतो, हे आम्हां मिल कामगारांना कोणी सांगायला नको. तिथे तर लोक जेलात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना समजावून थांबवले आणि दावा लढवला. महाड, ठाणे, मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला निकाल आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षं लागली. एवढा दम आपल्यात आहे काय?

२९ ऑगस्ट १९४७ ला ते घटनेच्या मसुदा समितीवर आले आणि पुढे अध्यक्ष झाले. कलम ३२ हा घटनेचा प्राण आहे असे ते मानत. मूलभूत हक्क तुडवला तर कोणीही थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो. कलम २२६ ने हायकोर्टालाही तसा अधिकार दिला. आपल्याला नागपूरचे खंडपीठ जवळ. पकडलेला माणूस समोर आणा, कायद्याने नेमलेले काम करा, कोणत्या अधिकाराने खुर्चीवर बसलात ते दाखवा, असे कोर्ट साहेबांनाही बजावू शकते. महाडला कोर्टाचे दार आधी सनातन्यांनी ठोठावले होते. ते दार बाबासाहेबांनी सर्वांसाठी उघडून ठेवले.

आपल्याकडे जंगलातल्या गावात सरकार म्हणजे फॉरेस्टचा गार्ड. मोळी अडवली की बाया हात जोडतात. पण १९२७ च्या वन कायद्यातही जप्तीचे नियम आहेत. जप्त मालावर खूण करावी लागते, वर अहवाल द्यावा लागतो. गार्डाच्या मनावर काही नसते. कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या, एवढे म्हणायला पैसे लागत नाहीत.

सत्तेला हद्द घालणारा हा माणूस स्वतः सत्तेला चिकटला नाही. हिंदू कोड बिल अडले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

नागपूरच्या दीक्षेनंतर १६ ऑक्टोबर १९५६ ला ते चांद्याला आले. गडचिरोली तेव्हा याच जिल्ह्यात. वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. शरीर थकलेले होते, तरी त्यांनी इथल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.