राबणाऱ्यांचा छायाचित्रकार : लुईस हाईन

अमेरिकेतील ऑशकॉश गावी १८७४ साली लुईस हाईन यांचा जन्म झाला. वडील अपघातात गेले आणि तरुण वयातच त्यांना कारखान्यात राबावे लागले. पुढे ते शिक्षक झाले. १९०८ मध्ये ती नोकरी सोडून ते राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी छायाचित्रे घेऊ लागले. गिरणीत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी बायबल विक्रेत्याचेही सोंग घेतले. कोटाच्या गुंड्यांवरून मुलांची उंची मोजली. मुलांना त्यांनी अजस्र यंत्रांच्या रांगेसमोर टिपले; म्हणूनच ती किती लहान आहेत, हे लोकांना दिसले. १९३८ साली बालमजुरीवर बंधने घालणारा कायदा झाला. १९४० मध्ये हाईन मात्र दारिद्र्यात वारले.

माझे आईवडील जन्मभर राबले. त्यांचा कामावरचा एकही फोटो आमच्या घरात नाही.